समूला गप्प केलं ते मी

प्रिय आप्पा,

तुमच्या तेराव्याला मी जे वाचून दाखवलं, त्यात दोन चुका होत्या.

पहिली लहान. पलटणीच्या बँडमध्ये तुम्ही आधी क्लॅरिनेट शिकलात, असं मी म्हणाले. पंगत उठल्याबरोबर काकूंनी मला बाजूला घेतलं. "आधी बिगुल गं. क्लॅरनेट मागनं. बिगुल फुकून फुकून व्हट सुजल्यात म्हणून मला पत्रात लिवलं हुतं त्यांनी." मी लगेच कागदावर खोडून बिगुल लिहिलं. काकू हसल्या. म्हणाल्या, "आता खोडून काय उपेग? समद्यांनी ऐकलं की."

दुसरी चूक खोडायला मला महिना लागला. मी वाचलं होतं, "आप्पांच्या वर्गात कुठल्याही मुलाला कधी कुणी गप्प केलं नाही." हे खरं नाही. एका मुलीला गप्प केलं, आणि ते मी केलं. वाचताना मला ते माहीत होतं. म्हणजे ही चूक नव्हेच, आप्पा, खोटं होतं.

परवा लिहायला बसले ती खरं तर तुम्हाला नाही. सांगलीला ज्या बालवाडीत मी गाणं शिकवते, तिथल्या मोठ्या बाईंनी काम दिलंय. पालकसभेसाठी एक पान, लहान मुलांना संगीताच्या वर्गाचे फायदे. मी भराभर लिहीत गेले. कान तयार होतो. लक्षात राहायला लागतं. बोलणं स्वच्छ होतं. चारचौघांत मिसळायची भीती जाते. मग लिहिलं, आत्मविश्वास वाढतो. आणि पेन थांबलं. समू डोळ्यांपुढं उभी राहिली.

पान बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या पानावर "प्रिय आप्पा" लिहिलं. तेच पत्र आज पुढं लिहितेय.

फायद्यांचं कुणी विचारलं की तुम्ही किती चिडायचात! हायवेवरच्या हार्डवेअरवाल्यांनी एकदा मुलाला आणून सोडताना विचारलं होतं, "आप्पा, ह्यानं मार्क वाढत्यात का?" तुम्ही म्हणालात, "वाढत्यात की. पर मार्कासाठी गाणं शिकणं म्हंजे पायाला येयाम हुतो म्हणून यमाईचा डोंगर चढणं. देवी म्हणंल, आलास कशाला मग? जिन्यावर चढ-उतर कर की घरी!" ते बिचारे कसनुसं हसले. पण मुलाला ठेवून गेले.

पत्र्याची ती खोली, मागं गोठा, आणि तुमचा नियम, पहिला महिना कुणी गायचं नाही. नुसतं चालायचं. तुम्ही ताशावर ठेका धरायचात आणि पंधरा-वीस पोरं गोल फिरायची. "कदमताल! ए गड्या, डावा, डावा! तुझा डावा कंचा रं? दोनी उजवंच हायती काय तुला?" पोरं हसून हसून पडायची, पण पाय जुळायचे. मग टाळ्या. सात टाळ्या वाजवायच्या आणि आठवीला हात उघडे ठेवायचे. ज्याची टाळी वाजेल तो बाद. मोहिते वहिनींचा आयुष तर दर वेळी बाद! दोन महिन्यांनी त्याच्या आईनं तुम्हाला येऊन सांगितलं होतं, "आवं आप्पा, फरक पडलाय. धाकट्याला मारायच्या आदी आता थांबतो. मारतो, पर थांबून मारतो." तुम्ही म्हणालात, "थांबलाय न्हवं? निम्मं काम झालं."

मी तुमची पहिली विद्यार्थिनी. तुम्ही पेन्शन घेऊन उंब्रजला आलात तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि माझ्या बाबांना, तुमच्या धाकट्या भावाला, माझी काळजी होती, की ही पोरगी फार घाबरते. पाटी पुसताना कोपरा राहिला तर रडते. तुम्ही मला पेटीसमोर बसवलंत आणि एक एक पट्टी दाबत विचारलंत, "हितं बरं वाटतंय का? हितं?" मला वाटलं, बरोबर उत्तर एकच असणार आणि ते मला येत नाही. मी रडायला लागले. तुम्ही मला तुमचे पलटणीतले जाड बूट दाखवलेत. "ही कुणाच्या मापाची?" मी म्हटलं, तुमच्या. "तुला घातली तर?" पडेन. "मग? सा बी तसाच. भरती झाल्यावर पयलं बुटाचं माप घेत्यात, ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या बुटात कुणाला पळवत न्हाईत."

हे मला इतक्या लहानपणी शिकवलंत, आप्पा. म्हणजे नंतर मी जे केलं ते न कळून केलं, असं म्हणायची सोय नाही.

दोन वर्षांमागचा जानेवारी. तुमच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कराडला झालं आणि तुम्हाला तिथं बहिणीकडंच ठेवून घेतलं. माझी सांगलीची परीक्षा संपली होती, नोकरी लागायची होती. वर्ग माझ्याकडं आला. जायच्या आदल्या दिवशी तुम्ही एकेका मुलाचं सांगत होतात, आणि समूपाशी आल्यावर म्हणालात, "बाकीची पेटीच्या काळी पाचला बसत्यात. समूचा सा खाली हाय, पांढरी चार. आवाज जाड हाय तिचा, लय ग्वाड हाय. घाई करू नगंस. तिला तिच्या मापात घे." मी मान डोलावली. वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

समू तेव्हा सहा वर्षांची. बाबा फौजेत, आई बाबांबरोबर फॅमिली क्वार्टरला, धाकटं बाळ त्यांच्याकडं आणि ही इथं आजीपाशी. आजी तिला ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून चालत आणायच्या आणि वर्ग सुटेपर्यंत गोठ्याच्या दगडावर बसून राहायच्या. तालात चालण्यात समूचा हात धरणारं कुणी नव्हतं. फौजीची पोर!

ग्रामपंचायतीच्या झेंडावंदनाला आपल्या वर्गाचं समूहगीत ठेवलं होतं. माझा पहिला कार्यक्रम. सरपंच येणार, शाळेचे गुरुजी येणार, अर्धं गाव मोबाईल वर धरून उभं राहणार. मला तीन रात्री झोप नव्हती. सगळी मुलं काळी पाचमध्ये छान चढायची आणि मधूनच समूचा आवाज खालून यायचा, वेगळा. बेसूर नव्हता तो. माझ्या मापाचा नव्हता, एवढंच. गाणं दोन पट्ट्या खाली घेता आलं असतं. समूला खालच्या सुरात एक ओळ एकटीला देता आली असती. तुम्ही असता तर अर्ध्या मिनिटात काहीतरी काढलं असतं. मला सुचलं ते एवढंच, की आदल्या दिवशी तिला बाजूला घ्यायचं.

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. आवाज अगदी गोड केला. "समू, तू किती सुंदर उभी राहतेस! तू पहिल्या रांगेतच राहा. फक्त नुसते ओठ हलव हं. आवाज नको."

तिनं मान डोलावली. म्हणाली, "किती दिस, ताई?"

"मी सांगेपर्यंत."

"बरं," म्हणाली.

कार्यक्रम छान झाला. सगळे म्हणाले, काय सुरात गायली पोरं! मला लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. हेही लिहायला हवं. मला फक्त सुटल्यासारखं वाटलं.

समू नंतर चार-पाच दिवस आली. रांगेत उभी राहायची, ओठ हलवायची. मी तिला काही म्हणाले नाही. सांगायचं विसरले, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. विसरले नव्हते. शाळेचं गॅदरिंग महिन्यावर होतं, तेच गाणं परत म्हणायचं होतं, आणि आहे ते बरं चाललं होतं. मग ती यायची थांबली. तुम्ही काळा चष्मा लावून परत आलात आणि पहिल्याच दिवशी पोरं मोजून विचारलंत, "समू कुठाय?"

मी म्हणाले, "आजींना आणायला जमत नाही म्हणत होत्या."

तुम्ही चष्म्याआडून काय पाहिलंत ते मला कळलं नाही. "आसं व्हय," एवढंच म्हणालात. पुढच्या महिन्यात मला सांगलीची नोकरी लागली आणि मी निघून गेले. मी गेले, की पळाले?

तेराव्याला समूच्या आजी आल्या होत्या. बायकांमध्ये, खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना बघूनही मी ते वाक्य वाचलं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरं बोललीस, बाई." रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. त्यांना काहीच माहीत नव्हतं, की त्यांनी मला माफ केलं होतं?

भांडी घासून झाल्यावर मी काकूंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्यांना धक्का बसेल. काकू परात पुसत राहिल्या. म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. डोळ्याला चष्मा लावून गेलं हुतं समूच्या वस्तीवर. दोन डाव गेलं. पोरीला म्हणलं, चल, गा. तर ती म्हणाली, ताईनी सांगितल्याबिगर न्हाई. ताई म्हणल्यात, मी सांगीपर्यंत."

"मग?" मी विचारलं.

"घरी येऊन मला म्हणलं, लय कडक शिपाई हाय पोरगी. हुकूम माझा न्हाई, मी कसा मागं घिऊ? ज्यानं दिला त्यानंच घ्याचा आसतो. मी म्हणलं, मग सांगा की ऋतूला! फोन हाय न्हवं का? तर म्हणलं, मी सांगितलं तर ती माझ्या हुकमानं जाईल. तिचं तिला येऊ दे ध्यानात. येतंय."

येतंय, म्हणालात. दोन वर्षं!

मग काकूंनी आणखी एक सांगितलं. समूचे बाबा व्हिडिओ कॉल करून तिला गाणं म्हण म्हणतात. ती म्हणते, म्हणजे ओठ हलवते. ते तिकडून ओरडतात, "आवाज येईना गं, नेटवर्क गेलं वाटतं!" आणि फोन ठेवतात. आजी पहिल्यांदा त्यांना खरं सांगणार होत्या. मग सांगितलं नाही. तिकडं लांब नोकरीवर माणूस, त्याला कशाला डोक्याला ताप, म्हणाल्या. शाळेत प्रार्थनेलाही ती तशीच उभी राहते. आता तिसरीत आहे. बोलते, भांडते, पाढे घडाघडा म्हणते. फक्त गाणं आलं की ओठ.

आप्पा, मी तुमच्याशी कधी उलट बोलले नाही. आज बोलते. तुम्हीसुद्धा चुकलात. माझ्या मनात आपोआप यावं म्हणून तुम्ही वाट पाहिलीत, हे माझ्यासाठी मोठं होतं, मला ते कळतं. पण ती वाट माझ्या वेळेतून जात नव्हती, समूच्या वेळेतून जात होती. सहा वर्षांच्या मुलीची दोन वर्षं म्हणजे किती होतात! मला एक फोन करायचा होतात. खडसवायचं होतंत. "ए मास्तरीण, पोर गप केलीस तू!" असं गावभर ऐकू जाईल असं ओरडायचं होतंत. मी रडले असते, हुकूम म्हणून आले असते, तरी समू गायली तर असती! हुकमानं आलेल्या माणसाचा सूर काय वेगळा लागतो का?

हे लिहून आता भीती वाटतेय. तरी खोडत नाही.

खरं तर रागवायला तुमच्यावर सोपं जातंय, म्हणून रागवतेय. मला कळलं त्यालाही आता महिना झाला. या महिन्यात दोन वेळा मी निघायचं ठरवलं. पहिल्या रविवारी घसा बसला होता. घसा बसलेल्या बाईनं गाण्याचं काय सांगायचं, असं म्हटलं. दुसऱ्या रविवारी शाळेतल्या मैत्रिणीचं केळवण होतं. तिनं आग्रह केला नव्हता. मीच करून घेतला.

मला कशाची भीती वाटते, माहितीय? ती ओरडेल याची नाही. ती परत "बरं" म्हणेल याची. आणि मी सांगितलं म्हणून लगेच गायला लागेल, पहिल्यासारखी शहाणी पोर, याचीही. आणि गाऊ शकली नाही तर? आवाज नुसता ठेवून दिला की तो आपला राहतो का? तुम्हाला विचारता आलं असतं तर!

आपल्या उंब्रजच्या खोलीचं दार तुम्ही गेल्यापासून बंद आहे. मुलांच्या आया काकूंना विचारतात, "क्लास कवा चालू व्हणार?" काकू मला विचारतात. रविवारी-रविवारी मी येऊन घ्यावा, असं त्यांच्या मनात आहे. मी सांगितलंय, आधी समूकडं जाऊन येते, मग बघू. काकू म्हणाल्या, "जा की मग. का मुहूर्त काडायचा हाय?"

मोठ्या बाईंचं पान मी काल परत लिहिलं. पहिलं फाडलं. आत्मविश्वास वाढतो, हे काढून टाकलं. त्याऐवजी लिहिलं, की मुलाला आपला आवाज कुठं राहतो ते या वयात कळतं, आणि शिकवणाऱ्यानं नीट ऐकलं तरच कळतं. नाही ऐकलं तर हाच वर्ग मुलाला गप्पही करू शकतो. म्हणून आपल्या मुलाच्या बाईंना विचारा, माझ्या मुलाचा सा कुठला? त्यांना सांगता आला नाही तर त्यांना शोधायला लावा.

बाईंनी वाचलं, चष्मा काढला. "अगं ऋतुजा, फायदे लिहायला सांगितले होते मी. हे वाचून पालक तुझ्याच वर्गासमोर रांग लावतील विचारायला!"

"लावू देत, बाई. अठ्ठावीस जणांचा मला पाठ आहे."

"आणि उरलेल्यांचा?"

"उरलेली सहा नवीन आहेत. शुक्रवारपर्यंत शोधते."

त्यांनी चष्मा परत लावला, पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "राहू दे. छापू." सांगलीत तुमचं एक वाक्य पोचलं म्हणायचं. तुमचं नाव नाही घातलं, तुम्हाला आवडलं नसतं.

आता काय करणार ते सांगते. खूप विचार केला, तीनदा लिहून काढलं, शेवटी थोडंच उरलं. समूच्या वस्तीवर जाणार. खाऊ नेणार नाही, खाऊ नेला तर लाच होते. पेटीही नेणार नाही, पेटी पाहिली की तिला वाटेल, आता गायलाच हवं. तिला आजींसमोर सांगणार, की समू, मी तुला नुसते ओठ हलव म्हणाले होते, ते माझं चुकलं. तुझा आवाज चुकीचा नव्हता. मी गाणं चुकीच्या पट्टीत धरलं होतं. मी सांगेपर्यंत म्हणाले होते, तर आता सांगायला आलेय. मग गप्प बसणार. तिनं गावं असं म्हणणार नाही, विचारणारही नाही. ती खेळायला गेली तर जाऊ देणार. आजींना मात्र सांगणार, की समूच्या बाबांना मी स्वतः फोन करून सांगते, नेटवर्क नव्हतं गेलेलं.

ती गायली नाही तर पुढच्या रविवारी परत जाणार नाही, असंही नाही. फक्त गाण्यासाठी जाणार नाही. तिच्याकडं जाणार.

आणि ज्या पोरांसमोर मी तिला बाजूला घेतलं होतं, त्या पोरांसमोरही सांगणार. आता ती मोठी झाली आहेत, आयुष तर चौथीत आहे. खोली उघडली की पहिलं काम ते. समू आली असली तरी, नसली तरी.

तुम्ही वाट पाहत होतात तेव्हा मी आले नाही. आता तुम्ही बघायला नाही, तर हुकूमही कुणाचा नाही. हे माझं मी करतेय, हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र. आप्पा, शब्द देते. घसा बसला तरी, एसटी बंद पडली तरी, काकूंना "आलेच" म्हणून फोन करून झालाय, तो शब्द मोडणार नाही. सकाळी सातच्या सांगली-सातारा गाडीनं निघणार, उंब्रज फाट्यावर उतरून घरी न जाता आधी ओढ्यापलीकडं जाणार. येत्या रविवारी, चौदा तारखेला.

तुमची पुतणी,
ऋतुजा